खानदेशातील सत्तांतर : बखरीचे गद्य आणि कागदपत्रांचे गद्य

सतराव्या शतकात सुरतेहून बुऱ्हाणपुराकडे जाणारा व्यापारी मार्ग नंदुरबार, थाळनेर, चोपडे असा तापीच्या खोऱ्यातून जात असे. दोंडाईचा हे गाव नंदुरबार व थाळनेर यांच्या मधल्या याच पट्ट्यात वसलेले आहे. 1601 मध्ये अकबराने असीरगड घेऊन फारुकी राजवट संपविली व खानदेश मोगलांचा सुभा झाला. पुढील दीडशे वर्षांत तो मराठ्यांकडे आला. परंतु साम्राज्याचा प्रांत ‘जातो’ म्हणजे नेमके काय घडते? या प्रश्नाचे उत्तर बखर एका प्रकारे देते, कागदपत्रे दुसऱ्या प्रकारे. या दोहोंतील अंतर मराठी गद्याच्या अभ्यासकाला विचारात घ्यावेच लागते.

कृष्णाजी अनंत सभासदाने राजाराम महाराजांच्या आज्ञेवरून 1697 च्या सुमारास आपली बखर लिहिली. खानदेशालगतच्या बागलाणातील साल्हेरची लढाई (1672) हा तिच्यातील एक ठळक प्रसंग होय. उडालेली धूळ, हत्ती-उंट-घोड्यांची गर्दी, पडलेल्यांची संख्या आणि सूर्यराव काकड्यास दिलेली भारतातील कर्णाची उपमा यांतून तो उभा राहतो. येथे सत्तेचे भवितव्य रणांगणावर, वीरांच्या पराक्रमाने ठरते. सभासदाची निवेदनदृष्टी महाभारताच्या संस्कारात घडलेली असल्याने हे स्वाभाविकच आहे.

कागदपत्रांतील प्रक्रिया मात्र संथ आहे, आणि ती साल्हेरच्या लढाईपूर्वीच सुरू झालेली दिसते. 1670 च्या अखेरीस प्रतापराव गुजराने खानदेशातील गावकामगारांकडून चौथाई देण्याचे लेखी करार घेतले, आणि वसुलाच्या पावत्या देण्याचे आश्वासन दिले, अशी नोंद ग्रँट डफने 1826 मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या इतिहासात केली आहे. पावती असलेल्या गावास लुटीपासून अभय मिळावयाचे होते. म्हणजे सुभा बादशहाचाच राहिला; संरक्षणाची हमी मात्र दुसऱ्याची झाली.

1719 मध्ये बाळाजी विश्वनाथाने दिल्लीहून दक्षिणेच्या सहा सुभ्यांच्या चौथाईच्या व सरदेशमुखीच्या सनदा आणल्या. खानदेश त्या सहांपैकी एक होता. या सनदांची भाषा पराभवाची नाही. देणाऱ्याने कृपेने काही द्यावे, अशी ती आहे. सत्ता हातची जात असता शब्दांत ती शाबूत ठेवली गेली. चौथाईची पुढे बाबती, मोकासा, सहोत्रा व नाडगौंडा अशी वाटणी झाली. अरबी-फारसी, मराठी आणि कानडी वळणाच्या या संज्ञा एकाच हिशेबात शेजारी नांदतात. एकाच गावावर दोन सरकारांचा वसूल चालू असण्याच्या स्थितीला ‘दुअंमली’ हा शब्द रूढ झाला. प्रांत जाण्याची खरी अवस्था या एका शब्दात जितकी नेमकी सापडते, तितकी कोणत्याही युद्धवर्णनात सापडत नाही.

निजामाने हा हक्क सहजी मान्य केला नाही. 1728 मध्ये पालखेड येथे कोंडी झाल्यावर त्याने मुंगी-शेवगावचा तह केला. 1752 च्या भालकीच्या तहाने खानदेश पेशव्यांकडे आला, आणि 1760 मध्ये उदगीरच्या लढाईनंतर बुऱ्हाणपूर व असीरगडही मिळाले. 1670 च्या करारांपासून मोजल्यास या सत्तांतराला नव्वद वर्षे लागली.

ज्या राजवाड्यांनी बखरींहून अस्सल पत्रांना अधिक प्रमाण मानले, त्यांचे नाव धारण करणारे संशोधन मंडळ 1927 पासून खानदेशातच, धुळ्यास आहे. तथापि राजवाड्यांच्या भूमिकेवरून बखर टाकाऊ ठरविणे योग्य नव्हे. बखर सत्तांतराचा अर्थ सांगते, तर कागद त्याची रीत सांगतो. महाविद्यालयात बखर केवळ शैलीचा नमुना म्हणून शिकविली जाते, तेव्हा तिने वसुलाविषयी बाळगलेले मौन विद्यार्थ्याच्या ध्यानात येत नाही. ते मौनही तिच्या वाङ्मयीन निवडीचा भाग आहे.

या प्रांताला पुढे तोच अनुभव उलट बाजूने आला. 6 जानेवारी 1818 च्या मंदसोरच्या तहाने होळकरांनी सातपुड्याच्या दक्षिणेचा मुलूख कंपनीस दिला. तरीही फेब्रुवारीत थाळनेरच्या किल्ल्यावर रक्त सांडले आणि किल्लेदारास फाशी देण्यात आले. येथेही कागद आधी आला आणि रणांगण मागाहून. मराठ्यांनी दीडशे वर्षांपूर्वी याच खोऱ्यात गावोगावचे करार लिहून घेतले होते. आता त्यांचाच मुलूख एका तहाच्या कलमात लिहिला गेला.