गुलमर्गचं हिम, कुंभारीची गार

मार्चमध्ये स्कीइंगसाठी गुलमर्गला गेलेल्या पर्यटकाची सहल हवामान बिघडल्यामुळे वाया जाते. त्याच सुमारास सोलापूर-अक्कलकोट रस्त्यावरच्या कुंभारीत दुपारी आभाळ काळंभोर होतं आणि तापलेल्या जमिनीवर गारा आपटू लागतात. तिकडे सुट्टीचे पैसे बुडतात, इकडे हातातोंडाशी आलेला घास जातो. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध असेल, असं सहसा कुणाच्या मनातही येत नाही. पण पुष्कळदा तो असतो. दोन्हींच्या मागे हवेची एकच लाट असते आणि ती हजारो किलोमीटरचा प्रवास करून आलेली असते.

नकाशा उघडून पाहा. गुलमर्ग कुंभारीच्या जवळजवळ सरळ उत्तरेला आहे, अंतर सुमारे १,८०० किलोमीटर. गुलमर्गची उंची २,६५० मीटरच्या आसपास, तर सोलापूरचं पठार समुद्रसपाटीपासून पाचशे मीटरसुद्धा उंच नाही. मार्चमध्ये गुलमर्गच्या उतारांवर अजून बर्फ असतो आणि सोलापुरात पारा ३५ अंशांच्या पुढे गेलेला असतो. जमिनीवरून पाहिलं तर ही दोन वेगळी जगं आहेत. वर, दहा-बारा किलोमीटर उंचीवर, मात्र एकच आकाश आहे आणि त्या आकाशात एक नदी वाहते.

ही नदी वाऱ्याची आहे. हिवाळ्यात उत्तर भारताच्या डोक्यावरून पश्चिमेकडून पूर्वेकडे सुसाट वारे वाहतात. त्यांचा वेग ताशी दीडशे किलोमीटरच्या वर सहज जातो. यांना जेट प्रवाह म्हणतात. १९२०च्या दशकात वासाबुरो ओइशी या जपानी हवामानशास्त्रज्ञाने फुगे सोडून उंचावरचे असे वारे मोजले होते. पण त्याने आपला अहवाल एस्पेरांतो भाषेत छापला आणि बाहेरच्या जगाचं त्याकडे फारसं लक्ष गेलं नाही. या प्रवाहाला अधूनमधून बाक येतो. भूमध्य समुद्राच्या परिसरात जन्मलेले कमी दाबाचे पट्टे त्या बाकासोबत इराक, इराण, अफगाणिस्तान ओलांडत हिमालयापर्यंत येतात. आपल्याकडे त्यांना पश्चिमी चक्रावात म्हणतात. हिवाळ्यात ते महिन्यातून अनेकदा येतात. काश्मीरचा बर्फ, पंजाबच्या गव्हाला मिळणारा थंडीतला पाऊस आणि उन्हाळ्यात झेलम-चिनाबला येणारं वितळलेलं पाणी ही बरीचशी त्यांचीच देणगी.

ते आलेच नाहीत तर काय होतं, हे गुलमर्गने अलीकडेच पाहिलं. जानेवारी २०२४ मध्ये ऐन हंगामात तिथले उतार उघडे पडले होते. २०२५ मध्ये तर ‘खेलो इंडिया’ हिवाळी क्रीडा स्पर्धेचा फेब्रुवारीत ठरलेला गुलमर्गचा टप्पा बर्फाअभावी पुढे ढकलावा लागला. अखेर तो ९ ते १२ मार्चला पार पडला. म्हणजे ज्याच्यामुळे सहल बिघडते, त्याच्यावाचून सहलीला मुळात अर्थच उरत नाही.

मग वसंतातल्या चक्रावातात बिघडतं काय? मार्चमध्ये दिवसा ऊन बर्फाचा वरचा थर वितळवतं, रात्री तो पुन्हा गोठतो. असं होत होत त्याचे मोठे, गोल दाणे बनतात. स्वच्छ दुपारी असा दाणेदार बर्फ स्कीइंग करणाऱ्यांना फार आवडतो. चक्रावात आला की सगळं पालटतं. हवा दमट होते, खालच्या उतारांवर ओला बर्फ पडतो, कधी चक्क पाऊस. वारा वाढला की अफरवत शिखराकडे सुमारे ३,९५० मीटरपर्यंत नेणारी गोंडोला थांबवावी लागते. ढगांमुळे सावल्या नाहीशा होतात, पांढऱ्यावर पांढरं असं सगळं एक होऊन जातं आणि पुढचा चढ-उतार डोळ्यांना कळतच नाही. सर्वांत मोठा धोका दिसत नाही, तो पायाखाली असतो. आधीच्या गोठलेल्या, गुळगुळीत थरावर नवा जड बर्फ साचला की तो सगळा थर एकदम घसरू शकतो. यालाच हिमस्खलन म्हणतात. अशा वेळी उतार बंद ठेवणं हेच शहाणपण.

त्या ढगांत घडणारं हिम पाहिलं तर मात्र निराशा विसरायला होतं. हिमकण हा गोठलेला थेंब नसतो. हवेतली वाफ द्रवरूप न होता थेट बर्फ होऊन सूक्ष्म स्फटिकावर बसत जाते. बर्फात पाण्याच्या रेणूंची मांडणी षट्कोनी असते, म्हणून हिमकणाला सहा बाजू किंवा सहा फांद्या फुटतात. १९३६ मध्ये जपानच्या होक्काइदो बेटावर उकिचिरो नाकाया यांनी प्रयोगशाळेत, सशाच्या एका केसावर, पहिला कृत्रिम हिमस्फटिक वाढवला. तापमान आणि बाष्प बदललं की आकार बदलतो, हे त्यांनी दाखवून दिलं. उणे ५ अंशांच्या आसपास सुया, उणे १५च्या आसपास नक्षीदार चांदण्या. प्रत्येक कण आपल्या आकारात आपला प्रवास नोंदवून खाली येतो.

आता दक्षिणेकडे वळू. चक्रावात जोरकस असला की जेट प्रवाहाचा बाक खोल होतो आणि त्याचं टोक कधीकधी थेट महाराष्ट्रावर येतं. वरच्या थरांत थंड, कोरडी हवा पसरते. खाली सोलापूरचं काळं रान उन्हाने तापलेलं असतं. बंगालच्या उपसागरावरून आणि अरबी समुद्रावरून येणारे वारे बाष्प आणतात आणि मध्य भारतापासून दक्षिणेकडे पसरलेल्या पट्ट्यात एकमेकांना भिडतात. खाली उष्ण आणि दमट, वर थंड आणि कोरडं. हे गणित अस्थिर असतं. दुपारी खालची हवा उसळते आणि तासाभरात बारा-पंधरा किलोमीटर उंचीचा ढग उभा राहतो.

मार्चमध्ये आपल्याकडे साधारण साडेचार किलोमीटर उंचीवर तापमान शून्याला पोचतं. त्याच्या वर ढगातलं सगळं पाणी लगेच गोठत नाही. असंख्य थेंब शून्याखालीही द्रव राहतात, कधी उणे ३०च्याही खाली. त्यांना गोठायला आधार हवा असतो. एखादा बर्फाचा कण मिळाला की ते त्याच्यावर आदळून क्षणात गोठतात. गार अशी वाढत जाते. गार मधोमध कापली तर कांद्यासारखे पापुद्रे दिसतात, काही दुधट, काही काचेसारखे. थेंब आदळताच गोठला तर हवेचे बुडबुडे आत अडकतात आणि थर पांढरा होतो. पाणी भरपूर असलं तर गोठताना सुटणारी उष्णता गारेचा पृष्ठभाग ओला ठेवते, हवा निसटून जाते आणि थर पारदर्शक बनतो. हिमकण वाफेतून शांतपणे वाढतो, गार टकरींतून वाढते. पाणी तेच, थंडी तीच, पण एकातून नाजूक नक्षी घडते आणि दुसरीतून गोटा.

हा गोटा इतका वेळ वर राहतो कसा? ढगातला वर जाणारा वारा त्याला तोलून धरतो. अडीच ते साडेचार सेंटिमीटरची गार ताशी सुमारे ४० ते ६५ किलोमीटर वेगाने पडते. म्हणजे तिला तोलायला वरच्या दिशेने तेवढंच वादळ हवं. पावसाळी ढगांत असा उसळता जोर क्वचितच असतो, शिवाय तेव्हा शून्य अंशाची पातळी बरीच वर सरकलेली असते आणि गार झालीच तर वाटेत वितळते. म्हणूनच गारपीट जुलैत नव्हे, मार्च-एप्रिलमध्ये होते.

तिची ताकद कमी लेखू नये. ३० एप्रिल १८८८ रोजी मुरादाबाद परिसरात गारपिटीने २४६ माणसांचा बळी घेतला. जागतिक हवामान संघटनेच्या नोंदीत गारपिटीतली ही सर्वाधिक मनुष्यहानी आहे. महाराष्ट्राच्या आठवणीत २०१४ कोरलेलं आहे. फेब्रुवारीच्या अखेरीपासून मार्चच्या मध्यापर्यंत राज्यभर ठिकठिकाणी गारा पडत राहिल्या. सोलापूर जिल्हाही त्यात होता. त्याच मार्चमध्ये काश्मीरातही जोरदार हिमवृष्टी झाली.

सोलापूरसाठी ही वेळ सर्वांत वाईट असते. रब्बीची ज्वारी काढणीला आलेली किंवा खळ्यावर पडलेली असते. भिजली की दाणा काळा पडतो आणि कडबाही जनावरांच्या तोंडचा जातो. द्राक्षाच्या मण्यांना तडे जातात, शेडमधला बेदाणा काळवंडतो. डाळिंबाचं दुखणं तर गारा थांबल्यावर सुरू होतं. गारेने फळावर, पानावर केलेल्या जखमांतून तेल्या रोगाचे जिवाणू आत शिरतात. दहा मिनिटांचा मारा पुढचे कित्येक महिने वसूल करतो. ज्या सोलापूरच्या डाळिंबाला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, त्याच्यामागे अशी किती वर्षांची जोखीम उभी आहे, हे बाजारात फळ हातात घेताना आठवायला हवं.

याच सोलापूरचे ढग भारतात सर्वाधिक बारकाईने तपासलेल्या ढगांपैकी आहेत. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेने २०१८ आणि २०१९च्या पावसाळ्यात इथे रडार आणि विमानं वापरून शेकडो ढगांचा अभ्यास केला. थेंब कसे वाढतात आणि ढगात बीजारोपण केल्यास पाऊस वाढतो का, हे त्यांना पाहायचं होतं. काही ठिकाणी तो लक्षणीय वाढल्याचं दिसलं. पर्जन्यछायेतल्या, पाण्यासाठी आसुसलेल्या जिल्ह्याने विज्ञानाला असं काही देणं ही मला फार मोलाची गोष्ट वाटते.

गारपीट थांबवणं आज आपल्या हातात नाही. ती कोणत्या शिवारात पडेल आणि कोणतं सोडेल, हेही दोन दिवस आधी सांगता येत नाही. पण तिच्यामागची लाट लपून येत नाही. उपग्रह ती इराणवर असतानाच पाहतात आणि हवामान खातं अनेकदा काही दिवस आधी जिल्हावार इशारा देतं. द्राक्ष काढायचं की थांबायचं, कणसं झाकायची की मळणी उरकायची, हे ठरवायला तेवढे दिवस पुष्कळ उपयोगी पडतात. म्हणून मार्चमध्ये काश्मीरमध्ये बर्फ पडल्याची, रस्ते बंद झाल्याची बातमी आली, तर ती केवळ पर्यटकांसाठी आहे असं समजून पुढे जाऊ नये. सोलापूरचा इशारा त्याच दिवशी तपासावा. कुंभारीच्या शेतकऱ्याचं हवामान कुंभारीच्या वेशीपासून सुरू होत नाही. ते भूमध्य समुद्रापासून सुरू होतं, आणि हे ज्याला कळलं त्याच्या हाती दोन-तीन दिवसांची आगाऊ मुदत लागते.