गळका बोगदा दुरुस्त करायचा, पण पाणी बंद कधी करायचं?

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, त्यांच्यासाठी या एपिसोडचं लिखित रूप.

घरातला पाइप गळायला लागला की आपण काय करतो? वरचा कॉक बंद करतो, प्लंबरला बोलावतो, तासाभरात काम होतं. आता समजा तो पाइप १३७ किलोमीटर लांब आहे, जमिनीखाली शेकडो फूट खोल आहे आणि ८० लाखांहून जास्त लोकांचं शहर त्याच्यावर अवलंबून आहे. मग कॉक कोण बंद करणार? आणि किती दिवस?

हा पाइप खरोखर आहे. न्यूयॉर्कचा डेलावेअर जलबोगदा. डोंगरातल्या धरणांचं पाणी तो शहराकडे आणतो आणि शहराच्या रोजच्या पाण्यापैकी साधारण निम्मं पाणी यातूनच येतं. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात तो बांधला आणि १९४४ मध्ये पाणी सुरू झालं. १९५० च्या दशकानंतर तो पूर्ण रिकामा करून आतून तपासायची वेळच आली नाही, कारण पाणी सतत हवंच होतं.

गळती कुठे आहे?

बोगदा बहुतेक ठिकाणी टणक खडकातून जातो, पण काही भागात चुनखडीचा खडक आहे. तिथे आतल्या काँक्रीटच्या अस्तराला भेगा गेल्या. मुख्य गळती दोन ठिकाणी आहे : हडसन नदीकाठचं न्यूबर्ग आणि त्याच्या पश्चिमेला असलेलं वॉवरसिंग. दिवसाला जास्तीत जास्त साडेतीन कोटी गॅलन, म्हणजे सुमारे १३ कोटी लिटर पाणी वाया जातं. आपल्याकडे शहरात माणशी १३५ लिटर धरतात. त्या हिशोबाने हे साडेनऊ लाख लोकांचं रोजचं पाणी झालं.

त्यातला मोठा वाटा न्यूबर्गचा, वॉवरसिंगचा अगदी थोडा. पण वॉवरसिंगमध्ये लोकवस्ती आहे. तिथल्या घरांच्या तळघरांत पाणी साचायचं, ओल हटायची नाही, पंप चालू ठेवावे लागायचे, विहिरी खराब व्हायच्या. शेवटी सरकारी योजनेतून तिथली काही घरं विकत घेण्यात आली. गंमत बघा, पाणी पितं शंभरहून जास्त किलोमीटरवरचं शहर आणि तळघर बुडतं गावातल्या माणसाचं. म्हणूनच 'एवढ्या मोठ्या यंत्रणेत थोडी गळती चालायचीच' हे वाक्य शहरात बसून बोलायला सोपं आहे.

मग लगेच दुरुस्त का नाही केला?

पहिली अडचण म्हणजे आत बघायचं कसं? २००३ मध्ये टॉर्पेडोच्या आकाराचं मानवरहित यान वाहत्या बोगद्यात सोडलं. त्याने लाखाहून जास्त फोटो काढून आणले.

दुसरी अडचण दाबाची. आतलं पाणी भिंतींना आतून आधार देत असतं. बोगदा रिकामा केला की बाहेरच्या भूजलाचा दाब भिंतीवर येतो, आणि जुनं अस्तर तो सोसेल का, ही भीती होती. शिवाय रिकामा करायची यंत्रणाही जुनी झालेली. तिच्या तयारीसाठी २००८ मध्ये पाणबुडे दोनशे मीटरहून खोल शाफ्टमध्ये उतरले. दर वेळी वर येऊन शरीर पूर्वपदावर आणायला खूप वेळ गेला असता, म्हणून ते महिनाभर एका दाबबंद टाकीतच राहिले. श्वासाला हेलियम मिसळलेली हवा. हो, त्यामुळे आवाज कार्टूनसारखा येतो. काम मात्र अजिबात विनोदी नव्हतं.

उपाय : आधी नवा रस्ता, मग जुना बंद

रस्त्यावरचा पूल पाडायच्या आधी शेजारून वळणरस्ता काढतात ना, तसंच केलं. न्यूबर्गच्या गळक्या भागाला वळसा घालणारा सुमारे ४ किलोमीटरचा बायपास बोगदा हडसन नदीच्या खालून खणला. खणणाऱ्या टीबीएमचं नाव 'नोरा'. अमेरिकेतल्या सुरुवातीच्या महिला सिव्हिल इंजिनीअर नोरा स्टँटन ब्लॅच यांच्यावरून ते ठेवलं. २०१९ मध्ये खणून झालं. चुनखडीत पुन्हा तोच त्रास नको म्हणून बायपासच्या मोठ्या भागाला पोलादी अस्तर दिलं. वॉवरसिंगला बायपास नाही, तिथल्या भेगा आतूनच ग्राउट, म्हणजे सिमेंटचं पातळ मिश्रण दाबून बुजवायच्या.

राहिलं काय? फक्त जोडणी. त्यासाठी बोगदा काही महिने बंद हवा. २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये तो बंद झाला, आणि नेमका त्याच वेळी पाऊस रुसला. नोव्हेंबरमध्ये दुष्काळाचा इशारा आला आणि काम थांबवून पाणी पुन्हा सोडायचा निर्णय झाला. इतक्या वर्षांची तयारी, आणि शेवटचा शब्द पावसाचा!

आपला काय संबंध?

मुंबईकरांनो, आठवतंय? ठाण्यात बोअरवेल खोदताना भांडुपच्या जलशुद्धीकरण केंद्राकडे पाणी नेणाऱ्या जलबोगद्याला भोक पडलं होतं. साडेपाच मीटर व्यासाचा, १५ किलोमीटर लांबीचा बोगदा. दुरुस्तीसाठी ३१ मार्च २०२३ पासून महिनाभर १५ टक्के पाणीकपात जाहीर झाली. कपात १५ टक्क्यांवर भागली, कारण भांडुपला पाणी आणायला पर्यायी जलवाहिन्या होत्या.

दोन्ही गोष्टींचं सार एकच. भेग बुजवणं इंजिनीअरला जमतं. अवघड असतं ते पाणी बंद ठेवायची सोय आधीपासून करून ठेवणं. दुसरी वाहिनी वर्षानुवर्षं रिकामी दिसते, त्यावरचा खर्च वाया गेल्यासारखा वाटतो. पण दुरुस्तीच्या दिवशी तीच शहराला पाणी पाजते.

तेव्हा पुढच्या वेळी 'आज पाणी येणार नाही' असा मेसेज आला की वैतागा जरूर, पण एक प्रश्नही विचारा : आपल्या गावाला, शहराला पाणी आणणारी मुख्य वाहिनी किती जुनी आहे, आणि ती बंद पडली तर दुसरी आहे का? उत्तर मिळालं तर आम्हालाही कळवा. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये!