जुनी मोटार आणि मोठी दुरुस्ती

निपाणीहून बेळगावकडे निघालेली एखादी जुनी मोटार तवंदीच्या घाटात धापा टाकू लागते. मागून निळसर धूर निघतो, तेल वरचेवर भरावे लागते. गावी परतल्यावर मिस्त्री बॉनेट उचलून पाहतो आणि म्हणतो, "इंजिनकाम काढावे लागेल, साठ हजार धरून चाला." मोटारीचा धनी विचारात पडतो, कारण मोटार आहे त्या स्थितीत विकली, तर तिचे चाळीस हजारच येणार असतात. घरातील वृद्ध वडिलांना दर पंधरवड्यास बेळगावच्या इस्पितळात न्यावयाचे असते आणि साठ हजारांची रक्कम मुलीच्या कॉलेजच्या फीसाठी राखून ठेवलेली असते. अशा वेळी निर्णय चुकला, तर त्याची झळ साऱ्या घराला लागते.

या प्रश्नाला सामान्यतः दोन उत्तरे दिली जातात. एक असे की, वस्तूच्या किमतीहून अधिक खर्च तिच्या दुरुस्तीवर करू नये. दुसरे असे की, गेल्याच वर्षी नवे टायर घातले, क्लच बदलला, बॅटरी आणली. एवढा पैसा घातल्यावर आता माघार कशी घ्यावी? ही दोन्ही उत्तरे फसवी आहेत. बाजारातील किंमत म्हणजे परका मनुष्य त्या मोटारीसाठी काय देईल एवढेच. घराला तिच्यापासून मिळणाऱ्या सेवेचे मोल तीत येत नाही. उलट टायर आणि क्लच यांवर झालेला खर्च मोटार ठेवली तरी परत येत नाही आणि विकली तरी परत येत नाही. मोटार आज ज्या स्थितीत आहे ती स्थिती तेवढी विचारात घ्यावी. पावत्यांची बेरीज करीत बसू नये.

खरा प्रश्न असा मांडला पाहिजे: यापुढील प्रत्येक वर्षाची सेवा कोणत्या मार्गाने स्वस्त पडते? हे एका कल्पित हिशेबाने स्पष्ट होईल. जुनी मोटार न विकल्यामुळे चाळीस हजार सोडावे लागले. दुरुस्तीस साठ हजार, नोंदणीच्या नूतनीकरणास पाच हजार आणि तीन वर्षांच्या किरकोळ देखभालीस पंचेचाळीस हजार लागले, आणि शेवटी मोटार तीस हजारांस विकली. एकंदर भार १,२०,००० रुपयांचा, म्हणजे वर्षास चाळीस हजारांचा झाला. आता दुसरी, कमी वयाची मोटार साडेतीन लाखांस घेतली, नावावर करण्यास सहा हजार व देखभालीस चोवीस हजार लागले, आणि तीन वर्षांनी ती दोन लाख तीस हजारांस गेली, असे धरू. भार १,५०,००० रुपयांचा, म्हणजे वर्षास पन्नास हजारांचा झाला. पेट्रोल व विमा दोन्हीकडे सारखा धरला, तर दुरुस्ती फायद्याची ठरते. परंतु तीच दुरुस्त मोटार तीनऐवजी दोनच वर्षे टिकली, तर तिचा भार वर्षास साडेबावन्न हजारांवर जातो आणि निर्णय उलटतो. सारांश, साठ हजारांचा आकडा मोठा की लहान, यापेक्षा त्या साठ हजारांत किती वर्षे मिळतात याला महत्त्व आहे.

ती वर्षे अजमावण्यासाठी आधी रोगाचे निदान पक्के हवे. घाट चढताना, इंजिनावर भार असताना निळा धूर निघत राहिला, तर पिस्टनच्या रिंगा व सिलिंडर झिजल्याचा संशय घ्यावा. घाट उतरून पुन्हा अ‍ॅक्सिलरेटर दाबताच, किंवा रात्रभर उभी मोटार सकाळी सुरू करताच धुराचा लोट येऊन थांबला, तर दोष बहुधा व्हॉल्व्हच्या सीलांचा असतो, आणि तो पुष्कळच कमी खर्चात निघतो. पांढरा दाट धूर येऊन रेडिएटरमधील पाणी घटत असेल, तर हेडचे गॅस्केट तपासावे. सिलिंडरमधील दाब मोजणे ही तर अगदी स्वस्त परीक्षा. दाब कमी भरला, तर सिलिंडरमध्ये चमचाभर तेल सोडून पुन्हा मोजावा. तो वाढला, तर झीज रिंगांची; न वाढला, तर व्हॉल्व्ह किंवा गॅस्केट यांची. एवढे पाहिल्यावाचून इंजिन उघडू देऊ नये.

यानंतर मोटार खालून पाहावी. बेळगाव-खानापूरकडील पावसात पत्रा व चासी गंजलेली असेल, तर नवे इंजिनकाम म्हणजे पडक्या घराला सागवानी दरवाजा बसविण्यासारखे होय. सुटे भाग मिळतात की नाही, हेही पाहावे. ओतकामाची व लेथकामाची परंपरा असलेले बेळगावचे उद्यमबाग आणि कोल्हापूरचे शिवाजी उद्यमनगर जवळ असल्याने या भागास ती एक सोय आहे.

सीमाभागात आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी लागते. कोल्हापुरात जुनी मोटार स्वस्त मिळाली म्हणून निपाणीचा गृहस्थ ती घेऊन येतो. परंतु १९८८ च्या मोटार वाहन कायद्यानुसार दुसऱ्या राज्यातील वाहन बारा महिन्यांहून अधिक काळ ठेवल्यास त्याची नव्याने नोंदणी करावी लागते. त्यासाठी मूळ कार्यालयाचे ना-हरकत प्रमाणपत्र लागते आणि कर्नाटकाचा करही भरावा लागतो. ती रक्कम खरेदीच्या किमतीत मिळविल्यावाचून तुलना खरी होत नाही. त्याच कायद्याने खासगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षांची असते. पुढे तपासणी होऊन ती पाच-पाच वर्षांनी वाढते. १ एप्रिल २०२२ पासून या नूतनीकरणाचे शुल्क ६०० रुपयांवरून ५,००० रुपये झाले. मुदत संपण्यास थोडेच महिने असतील, तर इंजिनकामापूर्वी मोटार तपासणीत उतरेल की नाही, याची खात्री करून घ्यावी.

मागील पिढीला हा हिशेब करावा लागत नसे. वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर कंपनीची फियाट किंवा हिंदुस्थान मोटर्सची अ‍ॅम्बॅसडर यांसाठी वर्षानुवर्षे नंबर लावावा लागे. दुसरी मोटार मिळतच नसल्याने हाती असलेली दुरुस्त करणे हाच मार्ग होता. १९८३ च्या डिसेंबरात मारुती ८०० आली आणि ही टंचाई हळूहळू सरली. २०१४ मध्ये अ‍ॅम्बॅसडरचे उत्पादन थांबले, आणि २०२३ च्या ऑक्टोबरात मुंबईच्या रस्त्यांवरून पद्मिनी टॅक्सीही गेली. काळ पालटला, तरी 'दुरुस्त करून वापरावे' ही सवय मात्र राहिली. सवय चांगलीच आहे. तिला हिशेबाची जोड हवी.

म्हणून त्या गृहस्थाने प्रथम दाबाची परीक्षा करून घ्यावी, चासी पाहावी, दुसऱ्या एका मिस्त्रीचे मत घ्यावे आणि दोन्ही मार्गांचा वार्षिक भार कागदावर मांडावा. आकडे जवळजवळ सारखे आले, तर वडिलांना रात्री-अपरात्री कोणती मोटार खात्रीने बेळगावला पोहोचवील, एवढे पाहून निर्णय करावा. आणि मुलीची फी भरण्याची तारीख आधी येत असेल, तर ती फी प्रथम भरून मोटार महिनाभर उभी ठेवावी; तोपर्यंत निपाणी-बेळगाव एस.टी. आहेच.