95 टक्के अचूक, तरी बिनकामाचं

खालापूर तालुक्यातला एखादा वीस म्हशींचा गोठा डोळ्यासमोर आणा. प्रत्येकीच्या कानात 12 अंकी बिल्ला. 'भारत पशुधन' या सरकारी नोंदणीत तो नंबर टाकला की जनावराची ओळख पटते. पण म्हैस आज माजावर आहे का, हे बिल्ला सांगत नाही. त्यासाठी गळ्यात पट्टा हवा. त्यातला सेन्सर हालचाल आणि रवंथ मोजतो. हालचाल नेहमीपेक्षा वाढली की मालकाच्या मोबाईलवर मेसेज.

आता गंमत बघा. माज साधारण 21 दिवसांनी येतो. म्हणजे रोज "आज माज नाही" एवढंच बोलणारं मॉडेल 21 पैकी 20 दिवस बरोबर! ॲक्युरसी 95 टक्के, उपयोग शून्य. प्रपोजलमध्ये नुसती ॲक्युरसी लिहिलीत तर गाईड पहिला हाच प्रश्न विचारतील. (माझ्याकडे उत्तर नव्हतं.)

बरं, जरा चांगलं मॉडेल घेऊ. माजाचे 90 टक्के दिवस पकडतं आणि माज नसलेल्या दिवसांपैकी फक्त 10 टक्के दिवशी चुकीचा इशारा देतं. वीसही म्हशी गाभण नाहीत, माज नियमित आहे असं धरा. 21 दिवसांत माजाचे दिवस 20, बाकीचे 400. खरे इशारे 18, खोटे 40! दर वेळी रेतनासाठी माणूस बोलवायचा आणि परत पाठवायचा. चौथ्या वेळी शेतकरी पट्टा काढून खुंटीला टांगणार, आणि त्यात त्याचं काही चुकत नाही. बरं, पट्टा नाही आणि माज हुकला, तर पुढचं वेत 21 दिवस लांबलं. चारा-पेंड चालूच.

त्यात म्हशीचा माज बऱ्याचदा मुका. गाईसारखी ती दुसरीवर फारशी उडत नाही, खुणा अनेकदा रात्री दिसतात, उन्हाळ्यात तर त्याही मंदावतात. मोकळ्या गोठ्यातल्या परदेशी गाईंच्या डेटावर शिकलेलं मॉडेल दावणीला बांधलेल्या म्हशीवर कसं चालावं? इथल्या पावसात जनावर दिवसचे दिवस बांधलेलं असेल, तर वाढलेली हालचाल मोजणार कुठून?

म्हणून माझा बहुतेक वेळ सेन्सरवर जात नाही, 'माज खरंच होता का' हे ठरवण्यात जातो. मालकाची वही हा एक पुरावा. पण मुका माज त्यालाच दिसला नाही, तर तो लिहिणार काय? दुधातलं प्रोजेस्टेरॉन मोजता येतं. माजाच्या वेळी ते अगदी कमी असतं. मात्र एका नमुन्यावर विसंबू नका. जिचं चक्रच सुरू नाही, तिचंही ते कमीच येतं. आठवड्याला दोन-तीन नमुने, सलग काही आठवडे घ्यावे लागतात. विषय पक्का करण्याआधी या नमुन्यांचा खर्च काढा. पट्ट्यांचा नंतर.