शीवची दूधपेढी आणि नव्वदचं दशक

मे 2024मध्ये अन्नसुरक्षा आणि मानके प्राधिकरणाला एक सूचना काढावी लागली. आईच्या दुधावर प्रक्रिया करून ते विकायला कायद्यात परवानगी नाही, असले धंदे ताबडतोब थांबवा, असं तिच्यात बजावलं होतं. ती वाचल्यावर माझा संताप अनावर झाला. शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात जे दूध धारावीच्या ओल्या बाळंतिणी एका पैशाची अपेक्षा न ठेवता देत आल्या, त्याला कुणीतरी बाजारभाव लावला होता.

आशियातली पहिली मातृदुग्धपेढी शीवला नोव्हेंबर 1989मध्ये सुरू झाली. ती उभी केली नवजात विभागाच्या डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी. महापालिकेचं रुग्णालय, खाटा कमी आणि गर्दी अफाट. अपुऱ्या दिवसांची, दीड किलोसुद्धा न भरणारी मुलं पेटीत ठेवलेली असायची आणि जंतुसंसर्गाने हाताशी येऊन जायची. वरचं दूध आणि बाटली हे संसर्गाचं एक मोठं कारण होतं. डॉ. फर्नांडिस यांनी विभागातून बाटली हद्दपार केली आणि आयांना मुलांच्या देखभालीत सामील करून घेतलं. पण आई स्वतःच अत्यवस्थ असेल, तिला पान्हाच फुटत नसेल, तर त्या बाळाने काय प्यायचं? पेढी हे त्याचं उत्तर होतं.

हे धाडस कोणत्या काळात केलं, तेही ध्यानात घ्यावं लागेल. एचआयव्हीच्या भीतीने ऐंशीच्या दशकात पाश्चात्त्य देशांतल्या कित्येक दूधपेढ्या बंद पडत होत्या. दात्या आईची रक्ततपासणी करायची, दूध 62.5 अंश सेल्सिअसवर अर्धा तास तापवायचं, त्यात जंतू वाढत नाहीत ना हे पाहायचं आणि मग ते गोठवून ठेवायचं, अशी ही पद्धत. देणारीच्या स्वतःच्या बाळाचं पोट आधी भरायचं. उरेल तेवढंच पेढीत. अपुऱ्या दिवसांच्या मुलाची आतडी कोवळी असतात. पावडरच्या दुधावर त्यांना सूज येऊन ती कुजण्याचा धोका वाढतो, आईच्या दुधावर तो कमी राहतो. ही पेढी म्हणजे त्या मुलांच्या उपचाराचाच भाग होती.

नव्वदचं दशक मी आरोग्याच्या बातम्या करत काढलं आणि माझं मन अजून तिथेच रेंगाळतं. डिसेंबर 1991मध्ये वर्ध्यात स्तनपानासाठी झटणारी देशपातळीवरची संस्था, बीपीएनआय, स्थापन झाली. 1992मध्ये बाळाच्या पावडरच्या दुधाच्या विक्री-जाहिरातीला लगाम घालणारा कायदा झाला आणि डब्यावरचं गुटगुटीत बाळाचं चित्र गेलं. चीक पिळून टाकू नका, मध चाटवू नका, वाटी-चमच्याने पाजा, हे परिचारिका एकेका बाईशेजारी बसून सांगत. सासूलाही बोलावून तिची समजूत काढत. या कामाची नोंद कुठल्याही तक्त्यात होत नसे, पण दूध त्यानेच टिकायचं.

त्याच वर्षांत उपनगरातल्या एका प्रसूतिगृहाने माझ्या धाकट्या बहिणीच्या हातात घरी जाताना पावडरचा डबा ठेवला. तिला दूध भरपूर होतं. तिने विचारलंही नव्हतं. बालरोगतज्ज्ञांच्या परिषदांचा खर्च तेव्हा कंपन्या उचलत आणि त्यात वावगं काही आहे, असं अनेक मान्यवरांना वाटतच नसे. त्या कायद्याच्या 2003च्या दुरुस्तीने हे थांबवलं. तोवर ज्यांनी गप्प बसून पाहुणचार घेतला, त्यांना मी आजही माफ केलेलं नाही.

पुढची वर्षं योजनांची. डॉ. फर्नांडिस यांनी 1999मध्ये ‘स्नेहा’ ही संस्था काढली आणि काम वस्तीत नेलं. 2017मध्ये केंद्राने सरकारी रुग्णालयांतल्या दूधकेंद्रांसाठी मार्गदर्शक सूचना आणल्या. ते उत्तमच झालं. पण केंद्र उघडायला यंत्र, शीतपेटी आणि फीत पुरते. चालवायला बाळंतिणीजवळ बसणारी माणसं लागतात आणि परिचारिकांच्या रिकाम्या जागा भरायची घाई कुणालाच नाही. मला सर्वांत जास्त खंत वाटते ती त्या बसण्याची.

आणि 1992चा तो कायदा? त्यात तीन वर्षांपर्यंतच्या कैदेची तरतूद आहे. दंडाची कमाल मर्यादा मात्र पाच हजार रुपये. एवढी रक्कम आज एखाद्या कंपनीच्या एका बैठकीच्या चहापाण्यालाही पुरणार नाही. ती वाढवा, ही मागणी आपल्या आमदार-खासदारांपर्यंत गेलीच पाहिजे. आणि घरात ओली बाळंतीण असेल, तिच्या बाळाचं पोट भरून दूध उरत असेल, तर जवळच्या सरकारी रुग्णालयात दूधपेढीची चौकशी करा. तिथे ते विकत घेत नाहीत आणि विकतही नाहीत.