‘योग्य बोअर’ म्हणजे नेमकी कोणती?

शिरूर तालुक्यातल्या पिंपरखेडला नोव्हेंबर 2025मध्ये नरभक्षक बिबट्याला गोळी घातली गेली आणि ‘गोळ्या घाला’ ही मागणी पुन्हा जोर धरू लागली. बुलढाणा जिल्ह्यात मोताळ्याकडे, ज्ञानगंगा अभयारण्याच्या कडेला रात्री मका राखणाऱ्याने असं म्हटलं तर त्याला नावं ठेवण्याचं धाडस मला होणार नाही. रोही (नीलगायी) आणि रानडुकरं पीक नेतात, बिबट्या फिरतो आणि सगळ्यांत जास्त धास्ती अस्वलाची. परवानगी कोणी द्यायची हा वाद चालूच राहील. पण बंदुकीत कोणतं काडतूस भरायचं, हे कोणी विचारत नाही.

शेताच्या राखणीला असते ती बहुधा छऱ्यांची बारा बोअर बंदूक; बोअर म्हणजे नळीचा आतला व्यास. तिचे छरे लांबवर विखुरतात आणि त्यांचा जोर ओसरतो. दाट केस, चरबी आणि जाड स्नायूंच्या अस्वलाला ते लागतात, पण आत पोचत नाहीत. मग जखमी अस्वल नाल्यात दडून बसतं आणि सकाळी मोहफुलं वेचायला गेलेली बाई त्याच्या समोर येते. माझा राग आहे तो या अर्धवट गोळीबारावर.

मग .315 इंच व्यासाची रायफल? बंगालमधल्या ईशापूरच्या सरकारी कारखान्यातली ही रायफल देशभर परवान्यावर मिळते. तिचं काडतूस एकोणिसाव्या शतकातल्या ऑस्ट्रियन लष्करी काडतुसावरून आलं. इंग्रजांना .303 हे आपल्या फौजेचं काडतूस लोकांच्या हाती जायला नको होतं, म्हणून हा वेगळा व्यास रुळला. म्हणजे निवड सत्तेच्या भीतीने झाली; वाघ-अस्वलाचा विचार त्यात नव्हताच.

आफ्रिकेत अनेक देशांत हत्ती, रानम्हैस यांच्यासाठी .375 ही किमान मर्यादा मानतात. 1912 सालचं हे काडतूस सुमारे 19 ग्रॅमची गोळी साडेपाच हजार ज्यूलच्या आसपास ऊर्जेने फेकतं. पण नुसता आकडा फसवा आहे. बेल नावाच्या शिकाऱ्याने .275सारख्या लहान रायफलीने शेकडो हत्ती मारले, कारण त्याची न फुटणारी गोळी थेट मेंदूपर्यंत जात असे. उलट 1907मध्ये चंपावतला जिम कॉर्बेटच्या .500 रायफलीची तिन्ही काडतुसं संपली तरी वाघीण उभीच होती. शेवटी तहसीलदारांची बंदूक घ्यावी लागली. गोळी कातडीतच फुटून पसरते की वजन टिकवून हाडापलीकडे जाते आणि ती कुठे लागते, यावर सगळं ठरतं.

राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाच्या कार्यपद्धतीत नरभक्षक वाघासाठी ‘योग्य बोअर’चं शस्त्र द्यावं, एवढंच म्हटलं आहे. नेमबाज शक्यतो खात्यातला असावा, तो नसेल तर बाहेरचा, असंही त्यात आहे. 2 नोव्हेंबर 2018च्या रात्री यवतमाळमध्ये नरभक्षक ठरवलेल्या अवनी वाघिणीवर गोळी झाडली ती खात्याबाहेरच्या माणसाने. माझं मत स्पष्ट आहे: ‘योग्य’ हा शब्द काढून तिथे किमान व्यास, गोळीचं वजन आणि प्रकार, जास्तीत जास्त अंतर लिहावं. बुलढाण्यासारख्या जिल्ह्यात वनखात्याच्या निवडक माणसांना ते शस्त्र द्यावं, दरवर्षी सरावाची काडतुसं द्यावीत आणि जखमी जनावराचा माग काढण्याची जबाबदारी गोळी झाडणाऱ्याच्या नावावर लिहून ठेवावी.