राणीला एकटी राहू द्या

केनियात मे २०२५ मध्ये दोन बेल्जियन तरुणांना मुंग्यांच्या तस्करीबद्दल शिक्षा झाली, तेव्हा सगळी चर्चा दंडाच्या रकमेची झाली. प्रत्येकी दहा लाख शिलिंग, नाहीतर वर्षभराची कैद. मला नवल वाटलं ते त्यांच्याकडच्या नळ्यांचं. पाच हजारांच्या आसपास राणी मुंग्या, दोन हजारांहून जास्त नळ्या आणि आत कापसाचे बोळे. तेवढ्यावर त्या दोन महिने जगल्या असत्या, असं तपासात पुढे आलं.

ही किमया राणीच्या अंगातच आहे, आणि ती पाहायला आफ्रिकेत जायला नको. मृगाची दमदार सर पडली की सौंसर-पांढुर्ण्याच्या संत्राबागांत आणि अंगणातल्या दिव्यांभोवती पंखवाल्यांची झुंबड उडते. त्यात वाळवीही असते. वाळवीचे चारही पंख सारखे आणि कंबर जाड. मुंगीची कंबर चिमटीत धरल्यासारखी, पुढचे पंख मोठे, मिशा कोपरात वाकलेल्या. मुंगीला पंख फुटले की मरण जवळ आलं म्हणतात. नरांच्या बाबतीत ते खरंच आहे. राणी मात्र मीलनानंतर पंख स्वतःच झाडून टाकते आणि बिळासाठी जागा शोधत जमिनीवर फिरू लागते. पाळायला उचलायची ती हीच.

काळ्या मुंगळ्याची राणी पहिली पिलावळ वाढेपर्यंत काही खात नाही. उडण्याचे स्नायू आता निकामी. ते विरघळतात आणि त्यांतून, अंगातल्या चरबीतून अळ्यांचं पोषण होतं. म्हणून काचेच्या नळीत तळाशी पाणी, त्यावर घट्ट कापूस, मग राणी, तोंडाशी पुन्हा कापूस, एवढं तिला पुरतं. नळी काळ्या कागदात गुंडाळून जिथे कुणाचा हात लागत नाही अशा कपाटात ठेवावी. पहिल्या कामकरी मुंग्या यायला दीड-दोन महिने लागू शकतात.

अडतं ते इथेच. रोज नळी उचलून पाहिली की राणी बिथरते आणि स्वतःची अंडी खाऊन टाकते. ती काही वेडी होत नाही. धोक्याच्या जागी पिलं वाढवण्यापेक्षा ते अन्न परत अंगात घेणं तिला परवडतं. कापसाला बुरशी आली तर नवी नळी जुनीला तोंडाशी तोंड लावून जोडावी, जुनीवर उजेड पडू द्यावा. ती आपणहून सरकते. अगदी खंगली असेल तर मधाचं बारीक बोट कापसाला पुसावं. अंडी येतात पण पुढे काहीच होत नसेल, तर त्याच जातीच्या वारुळातले चार-पाच कोश तिच्याजवळ ठेवून पाहावेत. कोशातून नुकत्या निघालेल्या मुंगीला अजून कुठल्याच वारुळाचा वास चिकटलेला नसतो, त्यामुळे ती या राणीला आपली मानते. मोठी कामकरी मुंगी आत सोडली तर मात्र राणीच्या जिवावर बेतेल.

या सगळ्यात मला सर जॉन लबक यांच्याबद्दल फार आदर आहे. इंग्लंडमध्ये १८७१ साली बँकांच्या सुट्टीचा कायदा आणणारे हेच ते खासदार आणि बँकर. एकटी राणी वसाहत उभी करू शकते का, याबद्दल तेव्हा जाणकारांत एकमत नव्हतं. लबकनी १८७६ च्या ऑगस्टमध्ये बागेत उडणाऱ्या लाल मुंग्यांच्या जोड्या पकडल्या, ओली माती, पाणी आणि अन्न देऊन ठेवल्या. अंडी पडली ती पुढच्या वसंतात, आणि १८७७ च्या उन्हाळ्यात कामकरी मुंग्या निघाल्या. मधला सगळा हिवाळा त्यांनी धीर धरला. त्यांची दुसऱ्या जातीची एक राणी तर १८७४ पासून १८८८ पर्यंत त्यांच्याकडे जगली. आजच्या छंदिष्टांना सहा आठवडे दम निघत नाही, आणि बाजार त्यांना परदेशी राण्या विकतो.

या बाजाराला माझा विरोध आहे. अमेरिकेतून आलेली सोलेनोप्सिस जेमिनाटा ही डंख मारणारी मुंगी आज भारतात कित्येक ठिकाणी ठाण मांडून बसली आहे. संत्र्याच्या पट्ट्यात तर याचा विचार आधी व्हावा. काळी माशी आणि मावा पानांवर चिकट गोड स्राव सोडतात, त्यावर कोळशी धरते. त्या स्रावासाठी मुंग्या मावा राखतात, त्याच्या शत्रूंना हुसकावतात. तिथे आणखी एक परकी जात कुरियरने आणायची कशाला? सौंसरच्या शाळेतल्या मुलाला अंगणातली राणी पुरे. वसाहत सांभाळणं जमेनासं झालं, तर ती जिथून उचलली त्याच अंगणात सोडता येते.